मासे गरवायचेत, भाजी लावायचीय आणि राहतो मुंबईत, तर सुरुवात कुठून करायची?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही कांदिवलीत सातव्या मजल्यावर राहता, भाजी ॲपवरून येते, मासे साफ होऊन तुकडे करून डब्यातून येतात, नऊ वर्षांच्या मुलाने अख्खा बोंबील कधी हातात धरलेला नाही, आणि तुम्हाला वाटायला लागलंय की आपण जे खातो त्याच्याशी आपला काही संबंधच राहिला नाही. म्हणून स्वतः मासे पकडायचे, स्वतः थोडी भाजी लावायची, तर मुंबईत हे जमेल का आणि या मे महिन्याच्या शेवटी पहिलं काय विकत घेऊ, असं विचारलंयत. मी मालाडचा, लहानपणापासून मार्वे-मनोरीच्या बाजूला गरवत, म्हणजे गळाने मासे धरत, आलोय आणि सोसायटीच्या टेरेसवर बरीच वर्षं भाजी लावतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

जमतं. पण घर चालत नाही यावर, हे आधीच सांगतो. चार माणसांच्या घरात आठवड्यातनं दोनदा घरची पालेभाजी आणि महिन्यातनं एखाद वेळा स्वतः पकडलेला मासा एवढं झालं तरी खूप झालं, आणि माझ्या मते तेवढं पुरतं. ते एक-दोन वेळचं जेवण बाकीच्या सगळ्या जेवणाकडे बघायची नजर बदलून टाकतं. मेथीची जुडी हातात घेतली की हिला किती दिवस लागले असतील, कोणी उपटली असेल, हे आपोआप मनात येतं आणि मग ती जुडी फ्रीजमध्ये पिवळी पडू द्यावीशी वाटत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लोक हे दोन वेगवेगळे छंद म्हणून धरतात, एक रॉड घेतो आणि एक कुंड्या घेतो, आणि दोन्ही सहा महिन्यांत बंद पडतात. तुम्ही दोन्ही एकाच वर्षाचे भाग म्हणून बघा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, त्या काळात बऱ्याच माशांची अंडी घालायची वेळ असते आणि दर्याही खवळलेला असतो. नेमके तेच दोन महिने कुंडीतल्या भाजीला सगळ्यात चांगले. मग नारळी पुनवेला कोळी लोक दर्याला नारळ देतात, होड्या परत जातात, तोपर्यंत तुमची भेंडी लागलेली असते. थंडीत दोन्ही हातात, मासळीही आणि मेथी-मुळाही. एप्रिल-मेमध्ये कुंड्या उन्हाने करपतात, तेव्हा बोंबील-सुकट वाळवून ठेवायचे दिवस, म्हणजे आगोटीची, पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी. आपल्या आज्या-पणज्या याच चक्रावर जेवण करायच्या, पावसाळ्यात सुकट घालून माठ, थंडीत कोळंबी घालून मुळा, हे कोणी पुस्तकात बघून ठरवलेलं नव्हतं, त्या त्या वेळी जे होतं तेच एकत्र शिजत होतं. तुम्ही एक वर्ष पूर्ण काढा, मध्येच सोडू नका, एवढीच माझी खरी अट आहे.

मासेमारीचं सांगतो. पहिली शिकायची गोष्ट भरती-ओहोटी, रॉड नंतर. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते. जुनी माणसं तिथीवरून काढतात, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. दुपारची आणि रात्रीची दोन्ही साधारण तीच. मोबाईलवर अचूक टाइम मिळतो हे मलाही माहितीय, पण कालनिर्णय बघून स्वतः काढायला लागलात ना की चंद्राकडे बघायची सवय लागते, आणि मुलाला तर हे गणित हमखास आवडतं, त्याला रोज संध्याकाळी विचारा उद्या भरती किती वाजता.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं-उतरतं, करंट जोरात, पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी हलतं. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं जाळं लावणाऱ्यांना उधाण हवं कारण त्यांचं जाळं करंटवरच भरतं, पण आपल्यासारख्या गरीवाल्याला भांगाकडचे दिवस बरे, शिसं जागेवर राहतं आणि मासा लागलेला हाताला कळतो. वेळ कुठली तर भरती चढत असतानाचे शेवटचे दोन तास आणि पाणी फिरल्यावरचा थोडा वेळ. बाकी वेळ नुसतं बसणं होतं, तेही वाईट नाही.

सामान फार घेऊ नका. नवीन माणूस दुकानात जातो आणि रॉड, रील, रंगीत प्लास्टिकचे मासे असं सगळं घेऊन येतो. मी म्हणेन आधी हाताची दोरी घ्या, शिसं, दोन-तीन साइजच्या गऱ्या म्हणजे गळ, एक पक्कड, एक जुनं जाड फडकं. आमिष म्हणून कोळणीकडची स्वस्तातली करंदी (बारीक कोळंबी) किंवा कोळंबीचा तुकडा. दोरी बोटावर असते म्हणून खालचं सगळं बोटाला कळतं, कुठे चिखल, कुठे दगड, चिंबोरी (खेकडा) नुसतं आमिष कुरतडतेय की मासा ओढतोय. हे एकदा बोटाला समजलं की मग रॉड घ्या खुशाल.

या गरीला काय लागतं तर शिंगाळा सगळ्यात जास्त, कधी ढोमा, खडकाच्या बाजूला नशीब असेल तर तांब. शिंगाळ्याचं नीट ऐका. त्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. फडक्यात धरून पक्कडीने गरी काढायची, मुलाला हात लावू द्यायचा नाही. लागलाच काटा तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, दुखणं उतरतं, आणि मग डॉक्टरकडे जायचंच कारण तुकडा आत राहतो. पाकट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, त्याचंही तेच. २०१३ च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीला बऱ्याच जणांना पाकटाने डंख मारले होते, उथळ वाळूत ती पडून असतात, म्हणून पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला.

जागा. इथे मी कडक आहे. माहीमची खाडी, मिठीचं तोंड, मालाडच्या खाडीचा आतला भाग, जिथे नाले येऊन पडतात तिथे गरवलेलं मी घरी आणत नाही, कोणी कितीही सांगू दे की काही होत नाही म्हणून. कालवं आणि शिवल्यांबद्दल तर अजूनच जपायचं, ती पाणी गाळून खातात त्यामुळे पाण्यातली घाण त्यांच्या अंगात साठते, ओळखीच्या कोळणीने चांगल्या जागेवरून आणलेली असतील तरच घ्या. पवईला तुम्ही विचारलंत, तिथे मेंबरशिप असलेल्या लोकांचं अँगलिंग चालतं, परवानगीशिवाय काठावर बसू नका, आणि तलावात मगरी आहेत, मुलाला पाण्याच्या कडेला सोडू नका. नॅशनल पार्कातली तळी बंदच आहेत आपल्याला. मी सुचवेन मार्वेवरून फेरीबोटीने मनोरीला जा, नाहीतर मढ-अक्साच्या पुढच्या बाजूला, पण अक्साच्या पाण्यात उतरायचं नाही, तिथे ओढ फार आहे आणि माणसं गेलेली आहेत. खडकावरून गरवताना भरती मागून आपल्याला घेरते का तेवढं बघत राहायचं, मासा लागत असताना तेच विसरायला होतं. आणि गावच्या किनाऱ्यावर बसताना तिथल्या कोळ्यांना विचारून बसा, त्यांची जाळी, होड्या, वाळवण यांच्या मध्ये आपली दोरी नको. त्यांचं पोट आहे त्यावर.

आता मारणं. तुम्ही प्रश्नात हे लिहिलं नाहीत पण मला वाटतं मनात असणार. मासा घरी न्यायचा तर तो लगेच मारायचा, पिशवीत तडफडत ठेवायचा नाही. डोक्यावर एक जोरात फटका, मग कल्ल्याजवळ चीर देऊन रक्त जाऊ द्यायचं, आणि थेट बर्फात, आपल्या उकाड्यात जितका मासा तितका बर्फ. बांगड्यासारखा मासा उन्हात तास-दोन तास राहिला तर त्यात जे तयार होतं ते शिजवूनही जात नाही, अंगाला खाज येते, तोंड लाल होतं, लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी. तर बर्फ. मुलाला पहिल्यांदा वाईट वाटेल, रडेलही कदाचित, रडू द्या, त्याला 'अरे मासाच तर आहे' म्हणू नका आणि जबरदस्तीने बघायलाही लावू नका. माझ्या मुलीने पहिल्या वेळी तो मासा खाल्ला नव्हता. नंतर तिने स्वतःच विचारलं की छोटे असले तर सोडायचे ना. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, वीतभरापेक्षा लहान असेल तर हात ओला करून धरायचा आणि परत पाण्यात, पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी परत, आणि एका वेळच्या कालवणापुरतं झालं की दोरी गुंडाळायची, मासा लागत असला तरी. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे. पण स्वतःच्या हाताने मारायला लागल्यापासून आमच्या घरात मासे खाण्याचं प्रमाण कमी झालंय आणि ताटात एक काटाही मांसासकट टाकला जात नाही, डोक्याचं कालवण होतं, गाभोळी तळली जाते. नातं म्हणून जे काही विचाराल ते मला इथे सापडलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा की मुंबईचं खरं खाणं गरीला लागत नाही. बोंबील, जवळा, मांदेली हे सगळं जाळ्याचं. वर्सोवा, मढ, उत्तनचे कोळी डोल लावतात, खुंटांना बांधलेलं मोठं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीचं पाणी त्यातून धावतं आणि मासळी आत जाते, पाणी थांबलं की जाळं वर काढायचं. म्हणजे त्यांचा दिवस आणि रात्र चंद्राने ठरवलेली. हे तुम्ही स्वतः करू शकणार नाही, आणि करायची गरजही नाही, पण ते करणाऱ्या माणसांची ओळख हवी. ॲप बंद करा आणि एकच कोळीण धरा, तुमच्या बाजारातली, आणि तिच्याकडूनच घ्या. तिला पापलेट द्या म्हणू नका, मावशी आज काय चांगलंय विचारा आणि ती देईल ते घ्या. दोन-तीन महिन्यांत ती तुम्हाला स्वतःहून सांगेल, आज बर्फाचा आहे नको घेऊ, अमावास्येकडची चिंबोरी घे भरलेली असते, कल्ला उघडून दाखवेल, पोट दाबून दाखवेल. कुठल्याच व्हिडिओतून हे येत नाही. आणि मासा अख्खा घ्या, घरी साफ करा, मुलाला बोंबलाचं तोंड उघडून दात बघू दे.

पापलेटचं निघालंच तर सांगतो, २०२३ मध्ये आपल्या सरकारने त्याला राज्यमासा केलं, पालघरकडच्या सातपाटीच्या मच्छीमारांची ती मागणी होती, आणि त्याच वर्षी किती लहान मासा पकडायचा नाही याची मापंही लावली, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. तरी बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटं वाट्याने दिसतात. आपण ती घ्यायची नाहीत, एवढं तर खरेदी करणाऱ्याच्या हातात आहे. तसंच पहिल्या पावसात वलगणीचे मासे. पालघर-रायगडकडे नातेवाईक असतील तर ते कौतुकाने आणून देतील, ओढ्यातून उलटे चढणारे, अंड्यांनी भरलेले. चव अप्रतिम असते हे खरं, पण ते अंडी घालायलाच चढत असतात, त्यामुळे मी आता नको म्हणतो.

कुंड्यांकडे येतो. बाल्कनीत पाच-सहा तास ऊन येतं का ते आधी बघा, येत असेल तर भेंडी, वांगी, मिरची, चवळी. येत नसेल तर अळू, पुदिना, गवती चहा, पालेभाज्या, त्यात हट्ट चालत नाही. वजनाचा विचार करा, ओल्या मातीचा ड्रम दोन माणसांना हलत नाही आणि सोसायटी बरोबरच ओरडते. आमच्या टेरेसवर मातीचं प्रमाण थोडंच आहे, बाकी सुका पाला, घरचं कंपोस्ट आणि रसवंतीवाल्याकडचा उसाचा चोथा. ही पद्धत श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्या लोकांच्या गटातून, पसरली, शहरातल्या गच्चीवर बिनमातीसारखी शेती करता येते हे त्या लोकांनी करून दाखवलं, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवरही किचनच्या ओल्या कचऱ्यातून अशी बाग उभी राहिली. चोथा कुजायला अमृतजल घालतात: १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस ठेवून रोज ढवळायचं आणि दहापट पाणी घालून वापरायचं. शेण मुंबईत कुठे म्हणाल तर गोरेगाव-आरेच्या बाजूच्या तबेल्यांत मिळतं, आपली बादली घेऊन जायचं.

आपल्या पावसाला कमी समजू नका. एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पडतो, कुंडीला भोकं कमी असतील तर मुळं कुजतात, भोकं मोठी करा आणि खाली विटेचे तुकडे घाला. भेंडीवर आणि जास्वंदीवर पांढरा कापसासारखा मिलीबग येतो, सुरुवातीलाच दिसला तर नुसता पाण्याच्या जोराने जातो, वाढला तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चिमूटभर साबण. पण मुंबईतला खरा शत्रू कबुतर. मेथी पेरलीत की दोन दिवसांत साफ, त्यामुळे पेरल्या पेरल्या वर जाळी टाका, उगवून चार बोटं झाली की काढा.

बियाण्याला पैसे घालू नका पहिल्या वर्षी. डब्यातली मेथी, धणे, मोहरी, चवळी, कडवे वाल हेच बी. धणे हलके रगडून दोन फाडी करून पेरा. आणि समुद्रमेथी करून बघाच, बाजारात त्या बोटभर पांढऱ्या दांड्याच्या छोट्या जुड्या येतात ना, ती मुंबईच्या किनाऱ्याकडच्या वाळूत दाट पेरतात आणि कोवळी असतानाच उपटतात. ट्रेमध्ये धुतलेली नदीची वाळू घ्या, रात्रभर भिजवलेली मेथी दाट पसरा, थोडी वाळू वरून, रोज पाणी शिंपडा, दहा-बारा दिवसांत तयार. समुद्रावरची वाळू उचलून आणू नका, खारटही असते आणि तशी न्यायलाही नको. मुलासाठी ही सगळ्यात चांगली सुरुवात कारण वाट फार बघावी लागत नाही. धुवायची मात्र पाच-सहा पाण्याने, वाळू राहते.

दोन्हीकडची गाठ कशी बसते ते बघा. मासे धुतलेलं पहिलं पाणी, मीठ-हळद लावायच्या आधीचं, ते कुंडीला जातं. सुक्या माशांचं पाणी मात्र नाही, ते खारट असतं. आतडी, कल्ले, खवलं यांच्या वजनाइतका गूळ घालून बरणीत ठेवा, झाकण घट्ट लावू नका नाहीतर गॅसने उडतं, तीन-चार आठवड्यांनी पातळ काळपट द्रव होतो, गाळून १ लिटर पाण्यात २ मिली एवढंच. पालेभाजीला इतकं मानवतं की पानाचा रंगच बदलतो. आधी मला वाटायचं सोसायटीत वासाची तक्रार येईल, पण गूळ पुरेसा असेल तर वास आंबूस-गोडसर असतो. कच्चं मात्र कुंडीत पुरू नका, मांजरं आणि कावळे रात्रीत उकरतात. आणि उलट बाजूने कुंडीतलं माशांत जातं, वांगं-सोडे, अंबाडीत करंदी, पडवळात कोळंबी, जवळ्यात घरची कोथिंबीर आणि हिरवी मिरची. आमच्याकडे एका शिंगाळ्याचं कालवण आणि त्याच माशाच्या खतावर वाढलेला लाल माठ एका ताटात येतो तेव्हा माझी मुलगी ते पाहुण्यांना अभिमानाने सांगते.

तर आत्ता, मेच्या शेवटी, तुम्ही काय करायचं. गरी-दोरी काहीच घेऊ नका, पावसाळ्यात खडकावर जायचं नाही, जून-जुलैच्या लाटा आणि शेवाळ यात अनुभवी माणसं घसरून गेलीत. या रविवारी सकाळी मढ किंवा वर्सोव्याला जा, बांबूंवर बोंबील वाळत असतील तर शेवटचेच असतील, तिथूनच वर्षाची आगोट भरा, सुके बोंबील, जवळा, थोडे सोडे, घरी एकदा कडक ऊन दाखवून बरणीत. भेंडी, चवळी आणि लाल माठ जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरा, माठ महिन्याभरात, भेंडी जुलैच्या शेवटी लागेल. अळूचा एक कंद कुठल्याही भाजीवालीकडे मागा. कोळणीशी ओळख आत्ताच सुरू करा, बंदीच्या दिवसांत तिच्याकडे गर्दी कमी असते, बोलायला वेळ असतो. आणि तुमच्या मुलाला पोहता येत नसेल तर याच दोन महिन्यांत क्लास लावा, तुम्हालाही येत नसेल तर तुम्हीही, नारळी पुनवेनंतर दोरी घेऊन मनोरीला जायचं तर तेवढं आधी झालेलं हवं.